दर गुरुवारी शून्य

“आग लागली! बाहेर व्हा, बाहेर व्हा!” असं बोंबलत जो माणूस पाण्यानं भरलेली बादली घेऊन शेडमध्ये घुसला, त्याच्यावर आपला जीव जडणार आहे, असं त्या दुपारी तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

आग वगैरे काही नव्हती. वाफ होती. भट्टीला जोडलेल्या नळीचं तोंड सैल झालं होतं आणि तिथून भसाभसा वाफ सुटून दारातून बाहेर जात होती, एवढंच. ती पाना घेऊन ते तोंड आवळत होती. मागे वळून बघते तर हा! बाह्या वर सारलेल्या, खांद्याला भलीमोठी बॅग, हातात नळाखालची बादली.

“पाणी नको! अहो, पाणी नको, चुना आहे तिथं!”

पण बादली तिरकी झाली ती झालीच. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं आणि अर्धं टेबलावरच्या परातीत. परातीत चुनकळी होती, नुकतीच भाजून काढलेली. चुनकळीवर पाणी पडलं की काय होतं, हे ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको. परात फस्सकन उसळली, रटरटायला लागली, पांढरे शिंतोडे टेबलभर उडाले. तो दोन पावलं मागे सरकला, ती चार.

“अरे बापरे,” तो म्हणाला, “ही तर उकळायला लागली.”

“लागणारच! एवढं पाणी ओतल्यावर काय थंड बसेल?”

“म्हणजे... आग नव्हती?”

“नव्हती. आता तुम्ही लावलीत.”

तो हसला. हसू नये अशा वेळी हसला, पण इतका ओशाळून हसला की तिचा राग निम्म्यावर आला. उरलेला निम्मा राग टिकवायचा तिनं प्रयत्न केला, पण त्याच्या पापण्यांवर चुन्याचे पांढरे ठिपके बसले होते आणि तो डोळे मिचकावत उभा होता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

गोष्ट सुरुवातीला गोड वाटतेय ना? वाटू द्या. पण आधीच सांगून ठेवलेलं बरं... पुढे हिच्यात गोडवा फारसा उरत नाही. ज्याला शेवटी दोघांचं लग्न लागलेलं बघायचं असेल, त्यानं इथंच थांबावं, त्या पापण्यांवरच्या ठिपक्यांपाशी.

तो यंत्रवाला होता. शीतगृहं, डेअऱ्या, कारखाने जिथं जिथं गॅस मोजायची यंत्रं असतात, तिथं जाऊन ती नीट करायची, हा त्याचा उद्योग. त्या दिवशी तो निघाला होता शेजारच्या शीतगृहात. वाटेत या शेडच्या दारातून धूर येताना दिसला म्हणून धावला. कुणी दुसरा असता तर फोन काढून व्हिडिओ घेत उभा राहिला असता, असं नंतर तिची वहिनी म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

“इथं करता काय तुम्ही?” त्यानं फडक्यानं टेबल पुसत विचारलं. “चुना भाजता?”

“ऐकायला वेळ आहे?”

“शीतगृह कुठं पळून जातंय?”

मग ती सांगत बसली. हे सांगायला लागलं की तिला भान राहत नसे. “लाकडाचा भुसा, शेतातला काडीकचरा, लोक जे टाकून देतात ते सगळं या भट्टीत घालायचं. जाळायचं नाही बरं का. हवा बंद, नुसती कडक वाफ सोडायची. मग त्याचा गॅस होतो. त्यात हायड्रोजन असतो, तो आपल्याला हवा. जाळला तरी धूर नाही, उरतं ते नुसतं पाणी. पण त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही येतो. तो नको.”

“मग त्याला काढता कसा?”

“हा चुना आहे ना! भुशाबरोबर हा घातला की नको तो गॅस गिळून टाकतो. नळीतून येतो तो जवळजवळ नुसता हायड्रोजन. चुन्याचं पोट भरलं की दुसऱ्या भट्टीत त्याला आणखी कडक तापवायचं, म्हणजे गिळलेलं सोडून तो पुन्हा रिकामा. पुन्हा भुसा, पुन्हा वाफ. ही झाली एक फेरी.”

“झकास की! मग अडलंय कुठं?”

“अडलंय चुन्यापाशीच. थकतो हो तो. दहा-बारा फेऱ्या झाल्या की कण एकमेकांना चिकटतात, भोकं बुजतात, गिळायची ताकद जाते. म्हणून मी त्यात एक पांढरी माती मिसळते, कण सुटे राहावेत म्हणून. पन्नास फेऱ्या टिकला पाहिजे. टिकला तर ही शेड राहील.”

“आणि नाही टिकला तर?”

दाराजवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ कानटोपी घालून पेंगत बसले होते, तिकडे तिनं फक्त नजर टाकली. ते सर. ही भट्टी त्यांनी उभी केली होती, स्वतःच्या हातानं, तारुण्यातले केस पांढरे होईपर्यंत. निवृत्ती तोंडावर आली होती. कॉलेजच्या समितीनं बजावलं होतं, पन्नास फेऱ्या दाखवा, नाहीतर शेड रिकामी करा. सरांना याशिवाय दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी येऊन ते भट्टीच्या अंगावर हात ठेवून विचारायचे, “जेवली का गं आज ही?”

“म्हणजे तुमच्याशी जपूनच बोललं पाहिजे,” तो म्हणाला. “कधी चुना लावाल, पत्ता लागायचा नाही.”

“हा विनोद इथं येणारा प्रत्येक जण करतो.”

“म्हणजे मी शून्यावर बाद.”

तिला हसू आलं. ते लपवायला ती भिंतीवरच्या यंत्राकडे वळली. नळीतून येणाऱ्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड किती उरला, ते हे यंत्र दाखवायचं. चुना नीट गिळत असला की आकडा शून्याजवळ, थकला की आकडा वर.

“अहो, हा आकडा हलतोय,” तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. आता तो त्याच्या प्रांतात आला होता ना! बॅग उघडली, झाकण काढलं, आत डोकावला. “आतला दिवा म्हातारा झालाय. शून्य सरकतंय त्यामुळे. दिवा बदलावा लागेल.”

“आहे तुमच्याकडे?”

त्यानं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला. तिच्याकडे बघितलं. तिच्या डाव्या भुवईवर चुन्याची एक रेघ होती, तिला ठाऊक नव्हतं. त्याचा हात कप्प्यात जरासा रेंगाळला... आणि रिकामा बाहेर आला.

“नाही. मागवावा लागेल. पण काळजी करू नका, तोवर दर गुरुवारी येऊन मी शून्य बसवून देत जाईन.”

“आणि मधल्या दिवसांत आकडा सरकला तर?”

“किंचित. जाणवणारही नाही.”

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? त्याचंच काम ते. शिवाय शून्य बसवताना स्वच्छ गॅस सोडून, बारीक स्क्रू फिरवत, श्वास रोखून आकड्याकडे बघणारा तो माणूस इतका मन लावून बघत होता, की शंका घ्यायला लाजच वाटली असती.

गुरुवार उजाडायला लागले.

गुरुवारी ती जुना चुना काढून टाकायची, नव्यानं माती मिसळलेला चुना भरायची आणि त्याची वाट बघायची. नवं शून्य, नवा चुना, अशी स्वच्छ सुरुवात. काम नेटकं व्हावं म्हणून ही शिस्त तिनंच लावली होती. तो आला की आधी सरांच्या पाया पडायचा नाही, नुसता “काय सर, आज भट्टी काय म्हणतेय?” असं विचारायचा, आणि सर त्याला अर्धा तास ऐकवायचे. मग यंत्र. मग... मग काही नाही, उगाच पाने-पकडी पुसत बसणं.

भट्टी चालू असली की वाफ पत्र्याला जाऊन भिडायची आणि तिथून थेंब थेंब गळायची. सगळी शेड ठिबकायची. एकदा तो तिच्या डोक्यावर पुठ्ठा धरून उभा राहिला.

“हे काय?”

“पाऊस पडतोय.”

“पत्र्याखाली?”

“काही लोकांच्या नशिबात घरातही पाऊस असतो.”

“हात दुखेल तुमचा.”

“दुखला की सांगेन.”

हात दुखला असणार, पण त्यानं काही सांगितलं नाही. तिनं तीन वेळा आकडा वाचला आणि तिन्ही वेळा विसरली.

आणखी एका गुरुवारी तो म्हणाला, “भुवईला चुना लागलाय. पहिल्या दिवशीही लागला होता.”

“मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर पुसला असतात.”

तिनं मान खाली घातली. कान तापले. त्यानं रुमाल पुढे केला, मग मागे घेतला, मग... “पुसू?” इतक्या हळू आवाजात विचारलं की पत्र्यावरून गळणाऱ्या थेंबांच्या आवाजात ते तिला ऐकू आलं कसं, देव जाणे.

“पूस,” ती म्हणाली.

पूस! पुसा नाही, पूस! जीभ चावली तिनं, पण शब्द सुटला तो सुटलाच. त्याचा रुमाल तिच्या कपाळापाशी थबकला. दारातून सर खोकले, तेव्हा कुठं दोघं भानावर आली. त्या दिवसापासून ती दोघं एकमेकांना अरे-तुरे करायला लागली, फक्त सरांसमोर तेवढं तुम्ही-आम्ही चालायचं, आणि सर काही दुधखुळे नव्हते.

घरी वहिनीनं तर केव्हाच ओळखलं होतं.

“काय गं,” वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, “चुन्याला केस मोकळे सोडलेले आवडतात वाटतं? ते पण फक्त गुरुवारी?”

“वहिनी, काहीतरीच तुझं! वेळ नव्हता बांधायला.”

“हो हो. आणि तो निळा कुडता? त्याला पण वेळ नव्हता वाटतं, कपाटात राहायला?”

आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, “काय चाललंय गं तुमचं?” वहिनीनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. अशी वहिनी मिळायला नशीब लागतं. निदान त्या बाबतीत तरी तिचं नशीब धड होतं.

बाकीच्या बाबतीत नाही. चुना टिकेना.

गुरुवारी आकडा शून्यावर. शुक्रवारी बरा. सोमवारी जरा वर. बुधवारी बघवत नाही इतका वर. थकला. पुन्हा मातीचं प्रमाण बदल, पुन्हा दळ, चाळ, भाज. पुन्हा गुरुवारी शून्य आणि बुधवारी तेच. मातीचं प्रमाण वाढवून झालं, कमी करून झालं, दुसरी माती आणून झाली. तिच्या नाकी नऊ आले. हाताची सालं निघाली चुन्यानं. जेवताना घास तोंडात फिरायचा.

“थकतोच का रे हा?” एका गुरुवारी ती बंद भट्टीला टेकून रडायला लागली. “सगळं बरोबर करतेय मी. पुन्हा पुन्हा बघितलं, हिशोबानं टिकायला पाहिजे. मग का मरतो दर वेळी?”

“टिकेल. या वेळी टिकेल बघ.” त्यानं तिचे हात हातात घेतले, सालं निघालेल्या जागा टाळून. “तू थकू नकोस म्हणजे झालं.”

“दिवा आला का रे?”

“नाही अजून.”

“बरं,” ती म्हणाली.

हे ‘बरं’ लक्षात ठेवा. ती दर गुरुवारी हे विचारायची आणि ‘नाही’ ऐकलं की तिच्या छातीवरचा दगड उतरायचा. दिवा आला की शून्य सरकायचं थांबणार, आणि शून्य सरकायचं थांबलं की तो कशाला येईल? कोपऱ्यात स्वच्छ गॅसचं सिलिंडर उभं होतं. बुधवारी नळी जोडून एकदा आकडा बघायचा, दोन मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. तिला सुचलं नाही, कारण शून्य हे गुरुवारचं होतं, त्याचं होतं, आणि त्यात तिनं हात घालायचा म्हणजे गुरुवारला हात लावण्यासारखं होतं.

समिती आली ती नेमकी बुधवारी.

तीन माणसं होती. बूट पुसत आत आली, नाकाला रुमाल लावून उभी राहिली. आकडा वर गेलेला होता. तिनं चुन्याची बाजू मांडली, मातीची मांडली, घसा कोरडा पडेपर्यंत बोलली. त्यांतल्या एकानं यंत्राकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “हा आकडा तुमचाच ना?” ती हो म्हणाली. आणखी काय म्हणणार? संध्याकाळच्या आत निर्णय आला. शेड रिकामी करा.

सरांनी कानटोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, “उद्या एकदाच चालवू या का गं? मोडायच्या आधी एकदा. मला तिचा आवाज ऐकायचाय.”

“नवा चुना नाहीये सर. आतमध्ये या आठवड्याचाच आहे, थकलेला.”

“असू दे. मीही काही नवा नाही.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. ती केस बांधून गेली. तो आधीच येऊन यंत्र उघडून बसला होता. चेहरा उतरलेला. शेड बंद होणार म्हणजे यंत्र भांडारात जमा होणार, आणि जमा करायचं तर ते धड असायला हवं.

“दिवा बसवलाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “शून्य करून ठेवलंय. आता सरकणार नाही.”

“आला एकदाचा?”

“हं.”

तिनं भट्टी पेटवली. भुसा सोडला, वाफ सोडली. भट्टी घुमायला लागली आणि सर डोळे मिटून खुर्चीत बसले. थोड्या वेळानं पत्रा ठिबकायला लागला. तिनं सवयीनं यंत्राकडे बघितलं.

शून्य.

कालपर्यंत त्याच चुन्यानं आकडा कुठल्या कुठं नेला होता. तोच चुना, तीच भट्टी, तोच भुसा. तिनं नळी तपासली, झडप तपासली. गॅस येत होता, हायड्रोजन येत होता, भरपूर येत होता. आकडा हलेना.

“यंत्र बिघडलं का रे?” ती म्हणाली. “बघ जरा.”

त्यानं कोपऱ्यातलं सिलिंडर जोडून बघितलं, मग दुसरं, ज्यात कार्बन डायऑक्साइड किती हे आधीच ठाऊक असतं असं. यंत्र अगदी बरोबर होतं. पण तो नळी काढायचं विसरून आकड्याकडेच बघत राहिला. तिला अजून काही उमगलं नव्हतं.

सर उठून आले. चष्मा पुसला, आकड्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना... ती आयुष्यात विसरणार नाही ते.

“म्हणजे टिकत होता तर!” सर म्हणाले. “पोरी, टिकत होता गं तुझा चुना! आकडाच खोटा बोलत होता. आता नवा दिवा बसल्यावर खरं बोलायला लागला. वा रे वा!” मग त्याच्याकडे वळून त्यांनी अगदी सहज विचारलं, “पण दिवा आला केव्हा? दोन दिवस आधी आला असता तर काय बहार झाली असती रे!”

‘काल आला’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण त्यानं तिच्याकडे बघितलं.

“आला नाही, सर,” तो म्हणाला. “होताच. पहिल्या दिवसापासून... बॅगेत.”

भट्टी घुमत होती. सरांना नीट ऐकू आलं नाही की समजलं नाही, ते अजून हसतच होते. तिला मात्र समजलं. बॅगेच्या कप्प्यात रेंगाळलेला तो हात तिला आठवला. ती तिथंच भुशाच्या पोत्यावर बसली.

“का?” तिनं विचारलं.

“दिवा बसवला असता तर काम तिथंच संपलं असतं. मला... मला पुन्हा यायचं होतं.” तो तिच्यासमोर खाली बसला. “शपथ, मला वाटलं किंचित सरकतो, एवढ्यानं काय बिघडणार! शीतगृहात तेवढं कुणी बघतसुद्धा नाही.”

“इथं तेवढंच बघतात रे,” ती म्हणाली.

सरांचं हसू हळूहळू मावळलं. ते ओरडतील, हात उगारतील असं तिला वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून फक्त म्हणाले, “अरे, मग सांगायचंस ना. मीच बोलावलं असतं तुला दर गुरुवारी.” आणि खुर्चीत जाऊन बसले.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं नाही, हेही सांगायला हवं. तो स्वतः समितीकडे गेला, सगळं कबूल केलं. त्याच्या मालकानं त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. समितीतल्या माणसांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, वाईट वाटलं म्हणाले. पण शेड आता दुसऱ्या कामाला दिली होती, निर्णय झाला तो झाला, पुढे कधी पुन्हा अर्ज करा म्हणाले. ती गेली, तिनं हात जोडले. सर गेले, दारात ताटकळले. कुणी दारं लावली नाहीत त्यांच्यासमोर, सगळे अदबीनं बोलले, आणि काही झालं नाही.

मग कटर घेऊन माणसं आली आणि भट्टीचे तुकडे करून गाडीत भरून घेऊन गेली. सर बघायला आले नाहीत. ते लेकीकडे राहायला गेले. फोन केला की लेक म्हणते, “बाबा झोपलेत.” कधीही करा, झोपलेत.

ती घरी पडून राहायची. वहिनी जेवणाचं ताट उशाशी ठेवायची, तसंच उचलायची. एका दुपारी ती शेजारी येऊन बसली.

“इतका राग आलाय त्याचा?”

“राग असता तर बरं झालं असतं गं,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “जीव आहे माझा त्याच्यावर. अजून आहे. आणि तो समोर आला की मला सरांची खुर्ची दिसते. काय करू मी, सांग ना!”

वहिनी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

शेवटी तो आला तो निरोप घ्यायला. दुसऱ्या गावी काम मिळालं होतं, कसलंतरी, यंत्रांचं नव्हे. फाटकाबाहेर उभा राहिला, बॅग नव्हती खांद्याला, त्यामुळे एक खांदा उगाचच वर गेल्यासारखा दिसत होता.

“चहा घेतेस माझ्याबरोबर?” त्यानं विचारलं. “एकदाच. मग जातो.”

ती चपला घालून निघाली. कोपऱ्यावरच्या टपरीपुढे बाकडं होतं, त्यावर दोघं बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. चहा आला. वाफा निघत होत्या. दोघांनीही त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे,” तो म्हणाला. “हे सांगायला माझं तोंड उरलेलं नाही, तरी सांगतो.”

“मला माहितीये. माझंही आहे.”

त्यानं झटकन वर बघितलं. तिनं मान हलवली. नाही, पुन्हा जुळवायला ती हे सांगत नव्हती.

“आणि सगळा दोष तुझा नाही,” ती म्हणाली. “दिवा येऊ नये असं मलाही वाटायचं. सिलिंडर कोपऱ्यातच होतं. दोन मिनिटांचं काम होतं रे, मी केलं नाही. आपण दोघांनी मिळून केलं हे. म्हणून तर जमणार नाही आता. एकानं केलं असतं तर दुसऱ्यानं माफ केलं असतं.”

“मी वाट बघेन.”

“नको बघूस. मी येणार नाही.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. त्याचा हात खिशाकडे गेला, रुमालाकडे, आणि तिथंच थांबला.

चहा निवला. तिनं तो तसाच, थंडगार, घोट घोट संपवला.

“एक सांगू?” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी दिवा बसवायचास, झाकण लावायचंस, हात धुवायचेस आणि एवढंच विचारायचंस, चहाला येतेस का. बस्स, एवढंच. मी आले असते रे. हातातला पाना टाकून आले असते.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

टपरीवाल्यानं आतून हाक दिली, “आणखी दोन देऊ का?”

“नको,” दोघंही एकदमच म्हणाली.